ढोलआळीची हात्सुए

तेराउची गुरुजींनी आळीच्या जुन्या नावाचा दगड बसवायचं काढलं आणि हात्सुएची झोप उडाली.

गुरुजी तसे भले गृहस्थ. शाळेतून निवृत्त झाले, हातात वेळच वेळ, त्यात आळीच्या मंडळाचं अध्यक्षपद गळ्यात पडलेलं. टोकियोत ऑलिम्पिक भरलं त्या सुमारास मिझुशिरोच्या पालिकेनं शहरातल्या जुन्या आळ्यांची नावं एका फटक्यात पुसून टाकली होती, टपाल वाटणं सोपं जावं म्हणून. तांबटांची आळी गेली, धनुष्यं करणाऱ्यांची गेली, मीठवाल्यांची गेली आणि सगळीकडे मिदोरी एक, मिदोरी दोन, मिदोरी तीन असं सुरू झालं. आता पंधरा-एक वर्षांनी त्याच पालिकेला उपरती झाली. जी आळी मागेल तिच्या कोपऱ्यावर जुन्या नावाचा दगडी खांब फुकट बसवून देऊ, असं जाहीर झालं. फुकट म्हटल्यावर गुरुजी कशाला मागे राहतात?

"आपली मिदोरी तीन म्हणजे मूळची तायकोमाची! ढोलांची आळी!" टोफूवाल्याच्या दुकानापुढे उभं राहून ते येईल त्याला सांगत होते. "किल्ल्यावर प्रहराचा ढोल वाजायचा ना, तो वाजवणारा सामुराई इथं राहत असणार. काय नाव आहे! आणि आपण इतकी वर्षं आकडा लावून बसलोय, तुरुंगातल्या कैद्यासारखा!"

बायका हसल्या. एकीनं तर दोन काठ्या हातात असल्यासारखा ढोल बडवून दाखवला. हात्सुए टोफूचं भांडं घेऊन उभी होती. गुरुजींनी तिलाही विचारलं, "काय हात्सुएसान, कसं आहे नाव?"

"छान आहे," ती म्हणाली. भांड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं.

सामुराई कुठला आलाय तिथे! ढोल वाजवणारे किल्ल्यात राहायचे. ह्या आळीत राहायचे ते ढोल करणारे. मेलेल्या जनावराचं कातडं नदीच्या पायऱ्यांवर भिजवायचं, केस खरवडायचे, बर्फावर ताणून वाळवायचं आणि लाकडाच्या पोकळ पिंपावर मढवायचं, हे त्यांचं काम. त्यांचा ढोल देवळात जायचा, देवापुढे वाजायचा. करणारा मात्र पायरीच्या खाली उभा राहायचा. त्याच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही, त्याच्या घरात कुणी मुलगी द्यायचं नाही. कायद्यानं हा भेद कधीच मोडीत काढला होता. पण कायदा दिवाणखान्यापर्यंतच येतो, लग्न जमवायला माणसं बसली की त्याला कुणी आत बोलावत नाही.

हात्सुए ह्याच आळीत जन्मली होती. कोपऱ्यापासून तिसऱ्या घरात, ढोल मढवणाऱ्या कोहेईच्या पोटी. शाळा सुटली आणि तिला ओसाकाच्या सूतगिरणीत धाडलं, तेव्हा तिच्या आईनं बोचकं बांधून देताना एवढंच सांगितलं, "कुठली म्हणून विचारलं तर डोंगराकडची म्हण. आळीचं नाव मरेपर्यंत काढू नकोस." तिनं ते पाळलं. गेन्झो नावाच्या बसड्रायव्हरशी तिची गाठ पडली, लग्न झालं, तेव्हाही ती डोंगराकडचीच होती. मागे आळीला आग लागली, बरीचशी घरं बेचिराख झाली, माणसं पांगली, आईबाप कुठेतरी परक्या गावात गेले. तिनं मनातल्या मनात सुस्कारा सोडला. आईबापांच्या घराला आग लागल्यावर सुटल्यासारखं वाटावं, ह्याची तिला लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.

आणि मग गेन्झोनं घात केला. बिचाऱ्याला काय कल्पना! युद्ध संपल्यावर त्याला मिझुशिरोच्या बससेवेत नोकरी लागली, आधी एकटाच येऊन राहिला, आणि एक दिवस हसत हसत तिला न्यायला आला. "घर घेतलं! एवढी स्वस्त जागा कशी मिळाली देव जाणे. नदी तर अगदी दारात!" स्टेशनपासून तो तिला कौतुकानं चालवत घेऊन आला आणि आळीच्या तोंडाशी उभं करून म्हणाला, "बघ."

तिनं बघितलं. नदीचं तेच वळण, त्याच पायऱ्या. ज्या पायऱ्यांवर तिचा बाप गुडघाभर पाण्यात उभा राहायचा तिथं शेजारणी मुळे धूत होत्या.

"छान आहे," ती तेव्हाही म्हणाली.

त्यानंतरची सगळी वर्षं ती आपल्याच आळीत परकी होऊन राहिली. विहीर कुठे आहे हे तिनं शेजारी जाऊन विचारलं. देवळाची वाट कुणीतरी दाखवेपर्यंत ती देवळात गेली नाही. बोलताना इथला हेल येऊ नये म्हणून ओसाकाची बोली घट्ट धरून ठेवली. उत्सवात ढोल वाजायला लागले की तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, कातडं जुनं की नवं, कुठल्या बाजूला सैल आहे. ती तोंड फिरवून मुलीला भात भरवत बसायची. गेन्झो गेला, त्यालाही कळलं नाही. मुलगी माचिको सव्वीस वर्षांची झाली, तिलाही नाही.

भीती होती ती एकाच माणसाची, शेजारच्या शिगेनोची. उंच, हाडकुळी बाई, जीभ विळ्यासारखी. काही न बोलता माणसाकडे बघत राहायची तिची सवय होती. आणि तिला हात्सुएवर डूख धरायला कारणही होतं.

त्याचं असं झालं होतं. मिझुशिरोकडे लग्न ठरण्याआधी मुलाकडचं कुणीतरी मुलीच्या आळीत येऊन शेजाऱ्यांकडे गुपचूप चौकशी करून जातं. घर कसं आहे, मूळ कुठलं आहे, आजार-बिजार नाहीत ना, असं सगळं. शेजाऱ्यानं दोन शब्द बरे बोलायचे, चहा पाजायचा, काम झालं. शिगेनोच्या मुलीचं, सुमीचं लग्न ठरत होतं तेव्हा चौकशीला आलेले गृहस्थ हात्सुएच्या दारात आले. "ह्यांचं मूळ कुठलं हो?" त्यांनी विचारलं. मूळ हा शब्द ऐकला आणि हात्सुएच्या तोंडचं पाणी पळालं. आपण आळीची माहिती सांगायला लागलो तर हा विचारेल, तुम्हाला कसं माहीत? "मला काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "आम्ही बाहेरचे. आमचं फारसं येणं-जाणं नाही त्यांच्याकडे." भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण असं म्हणते, म्हणजे पाणी मुरतंय, असं त्या गृहस्थांनी धरलं. लग्न मोडलं. सुमी नागोयाला निघून गेली, कुठल्याशा कारखान्याच्या खाणावळीत लागली आणि तशीच राहिली. शिगेनोनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि आता माचिकोचं लग्न ठरत होतं. मुलगा सोयाबीन आंबवून मिसो करणाऱ्या कुरिबायाशींचा, घरंदाज, जुन्या वळणाचं घर. नवऱ्यामुलाची आत्या चौकशीला येणार हे उघड होतं आणि ती शिगेनोच्याच दारात जाणार हेही उघड होतं, कारण पलीकडच्या बाजूला नदी होती. त्यात आळीच्या तोंडाशी दगड बसणार, त्यावर ते नाव. आत्याबाई जुन्या शहरातल्या. गुरुजींना ठाऊक नसेल, त्यांना ठाऊक असणार.

"आई, तू जेवत का नाहीस?" माचिकोनं विचारलं. "चौकशीला घाबरलीस? अगं, आता कोण मानतं असलं? आणि विचारलंच तर शिगेनोसान काय सांगणार? हिच्या आईची लोणची खारट असतात, एवढंच ना?"

हात्सुए हसली. पोरीला हसताना बघून तिला आणखीच भीती वाटली.

दगडाबद्दल ठरवायला मंडळाच्या खोलीत सगळे जमले. बाहेर बर्फ, आत रॉकेलचा स्टोव्ह. हात्सुएनं सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मिदोरी हेच नाव सोपं नाही का? टपालवाल्याचा घोटाळा होईल."

"अहो, पत्ता नाही बदलत, नुसता खांब आहे!" गुरुजी म्हणाले. सगळे हसले.

"खांब तरी कशाला?" कोपऱ्यातून शिगेनोचा आवाज आला. "बर्फ ओढताना आडवा येईल मेला."

त्यावरही सगळे हसले. हात वर झाले, दगड मंजूर झाला. हात्सुएनंही हात वर केला. सगळ्यांचे वर असताना आपला खाली कसा ठेवायचा?

मग गुरुजींनी कापड बाजूला करून एक ढोल पुढे आणला. देवळाच्या कोठीत सापडलेला, जुना, दगड बसवण्याच्या दिवशी वाजवायला. त्यांनी टिपरी मारली तर भिजल्या गादीवर मारल्यासारखा आवाज आला. "दमट झालाय," ते म्हणाले, "जरा शेकला की बोलेल," आणि त्यांनी ढोल उचलून स्टोव्हला अगदी लावून ठेवला. लोक चहाकडे वळले.

ढोल असा शेकायचा नसतो. सुक्या आचेनं कातडं एकदम आकसतं आणि कडेशी टरकतं. तो लांब, वाऱ्याला, आडवा ठेवून हळूहळू वाळवायचा. कोहेईच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही हे कळायचं. हात्सुएनं विचार केला नाही. विचार करायच्या आत ती उठली होती आणि तिचा हात ढोलाच्या कडेला होता.

पलीकडच्या कडेला दुसरा हात होता, शिगेनोचा.

दोघींनी मिळून ढोल उचलला, लांब नेला, आडवा ठेवला. एकीनं दुसरीला काही सांगावं लागलं नाही. ठेवल्यावर हात्सुएनं वर बघितलं. शिगेनो तिच्याकडे बघत होती, नेहमीसारखीच.

"पाय अडकेल कुणाचा तरी," शिगेनो मोठ्यानं म्हणाली आणि जाऊन बसली.

हात्सुए घरी कशी आली तिलाच कळलं नाही. सापडले, एवढंच तिच्या डोक्यात होतं. इतकी वर्षं तोंड सांभाळलं आणि हातांनी दगा दिला. तांदूळ धुताना मात्र तिचे हात थांबले. शिगेनोचा हात तिथं का होता? ढोल लांब न्यायचा, आडवा ठेवायचा, हे शिगेनोला कुणी शिकवलं?

ती तशीच ओल्या हातांनी जमिनीवर बसली. शिगेनोही आपल्यातलीच होती. ह्या आळीतली नसेल, नदीच्या खालच्या अंगाला कातडं कमावणाऱ्यांची एक वस्ती होती, तिथली असेल. म्हणजे सुमीचं लग्न मोडलं ते आपल्याच माणसाचं मोडलं. आणि हे आता शिगेनोलाही कळलं होतं. इतके दिवस तिला वाटत असेल, ही ओसाकाची परकी बाई, हिला काय पडलंय. आज तिला कळलं, परकी नव्हती. आपलीच होती आणि आपलीच असून गप्प बसली. ह्याची शिक्षा म्हणून आता माचिकोचं लग्न मोडलं तर तक्रार कुणाकडे करायची? हात्सुएला रडू आलं नाही. भीतीच एवढी होती की रडायला जागा उरली नव्हती.

दगड बसला. गुरुजींनी टाळ्या घेतल्या. ढोल वाळला होता, चांगला वाजला.

आत्याबाई आल्या तेव्हा त्या दगडापाशी थांबल्या, हे हात्सुएनं खिडकीतून पाहिलं. करड्या किमोनोतल्या ठेंगण्या बाई. त्यांनी खांबावरचं नाव वाचलं, आळीतल्या घरांवरून एकदा नजर फिरवली आणि सरळ शिगेनोचं दार गाठलं.

दोन्ही घरांच्या मागच्या पडव्यांमध्ये फळ्यांचं नुसतं कुंपण होतं. हात्सुए लोणच्याच्या पिंपाशी जाऊन बसली. हात मिठाच्या पाण्यात, कान पलीकडे. बोलणं शब्दन्शब्द ऐकू येत होतं.

सुरुवातीला नेहमीचंच. मुलगी कशी, आई कशी, वडील कशानं गेले. शिगेनो तोलून-मापून बोलत होती. मुलगी कामसू, आई गरीब स्वभावाची. चहा ओतल्याचा आवाज आला.

मग आत्याबाई म्हणाल्या, "ते कोपऱ्यावरचं नाव. माझी आजी घ्यायची ते नाव. चांगल्या अर्थानं नाही घ्यायची."

"आजी खरंच सांगत होती तुमची," शिगेनो म्हणाली.

हात्सुएनं पिंपाची कड धरली.

"म्हणजे? ह्या हात्सुएबाई पण..."

"कोण, ती?" शिगेनो मोठ्यानं हसली. "ती ओसाकाची! आली तेव्हा विहीर कुठे हे विचारायला माझ्याच दारात आली होती. बोलते कशी ऐकलं नाहीत का? तिला त्या नावाचा अर्थसुद्धा ठाऊक नाही. दगड बसला तर टाळ्या पिटत होती, वेडी."

"मग इथले ते लोक?"

"गेले आगीनंतर. त्यांच्यातली आता ह्या आळीत मी एकटीच. माझा बाप कातडी भिजवायचा, आजाही भिजवायचा. विचारायचं असेल ते मला विचारा. चहा घ्या ना, गार होतोय."

मग पेला ताटलीत ठेवल्याचा बारीक आवाज झाला. आत्याबाईंनी आभार मानले, वाकल्या असाव्यात, आणि दार सरकलं.

थोड्याच वेळात त्या हात्सुएच्या दारात होत्या. आत आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हात धुवायला पाणी मिळेल?" हात्सुएनं मोरी दाखवली. त्यांनी साबण लावून हात धुतले, चूळही भरली. मग बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या शेजारी कोण राहतं, तुम्हाला माहीत होतं?"

बोलायची वेळ होती तर हीच होती. हात्सुएच्या समोर माचिकोच्या लग्नासाठी घेतलेला निळा किमोनो खुंटीवर टांगलेला होता, परवाच आणलेला, अजून किमतीची चिठ्ठीही न काढलेला.

"नाही," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"बिचाऱ्या तुम्ही. इतकी वर्षं भिंतीला भिंत! मी तर तिथला चहा तसाच ठेवला." आत्याबाईंनी हात्सुएच्या हातचा पेला घेतला, घोट घेतला आणि डोळे मिटले. "ओसाकाकडच्या हाताला काही वेगळीच चव असते. अजून थोडा द्या." मुळ्याच्या लोणच्याच्या दोन फोडी त्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. निघताना म्हणाल्या, "आमच्याकडून होच समजा. फक्त लग्नाला तेवढं त्या बाईंना बोलावू नका. लोक काय म्हणतील?"

"बरं," हात्सुए म्हणाली आणि चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकली. त्या गेल्यावरही तिला उठवेना.

मग ती मागच्या पडवीत गेली. शिगेनो कुंपणापाशीच मुळ्यांची पानं तोडत बसली होती.

"जमलं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"जमलं."

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

हात्सुएला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं. "लग्नाला बोलावू नका म्हणाली."

"तू काय म्हणालीस?"

इतक्या वर्षांत शिगेनोनं तिला पहिल्यांदा अगं-तुगं केलं होतं. हात्सुए कुंपणाशी खाली बसली. ती म्हणाली, "बरं म्हणाले."

शिगेनोनं पानं टोपलीत टाकली, हात झटकले. हात्सुए वाट बघत राहिली, आता ही थुंकेल, शिव्या देईल, सुमीचं नाव काढेल. शिगेनोनं खरंच सुमीचं नाव काढलं.

"सुमीच्या वेळी तू त्या माणसाला सांगत होतीस, आम्ही बाहेरचे म्हणून. मी इथंच बसले होते, ऐकत. तुझा आवाज कसा कापत होता! मला तेव्हाच कळायला हवं होतं गं. परकं माणूस एवढं घाबरत नाही."